पिपीलिका आणि विहंगम

जत, इंडी, विजापूर या अवर्षणाच्या मुलुखात, जेथे एकाच उंबऱ्याआड कानडी आणि मराठी सुखाने नांदतात, तेथे गेल्याच्या मागील शतकात नामसाधनेचा जो संप्रदाय रुजला, तो इंचगिरी संप्रदाय होय. त्याचे मूळपुरुष निंबर्गी महाराज जन्माने लिंगायत. त्यांचे शिष्य भाऊसाहेब महाराज (१८४३–१९१४) हे उमदीच्या देशपांडे घराण्यातील ब्राह्मण. देशपांड्यांच्या घरातील ब्राह्मणाने लिंगायत सत्पुरुषाच्या चरणी मस्तक ठेवावे, ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती, आणि या परंपरेचे तेज मला प्रथम तेथेच दिसते.

भाऊसाहेबांची साधना कठोर होती. झोप येऊ नये म्हणून रात्र-रात्र उभ्याने नाम घ्यावे, दिवसा मठाचा आणि प्रपंचाचा व्याप सांभाळावा, असा त्यांचा क्रम. १९०१ साली जमखिंडीच्या रामचंद्र दत्तात्रेय रानडे नामक विद्यार्थ्याला त्यांचा अनुग्रह झाला. पुढे अलाहाबाद विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविणारे तत्त्वज्ञ गुरुदेव रानडे ते हेच. आणि १९०६ साली अनुग्रह झाला तो सिद्धरामेश्वरांना, जे सोलापूर जिल्ह्यातील पाथरीचे असून विजापुरात एका मारवाडी पेढीवर हिशेब लिहीत असत.

रानडे यांनी नामाचा मार्ग अखेरपर्यंत निष्ठेने चालविला. सिद्धरामेश्वरांचे मात्र निराळे झाले. गुरूंच्या देहावसानानंतर काही वर्षांनी त्यांच्या मनाने घेतले की, ध्यानाच्याही पलीकडे जावयास हवे. आपल्या गुरूंनी ध्यानच शिकविले, त्याहून अधिक काय हवे, असे गुरुबंधूंचे म्हणणे पडले; पण प्राण गेला तरी बेहत्तर, या निश्चयाने ते विचाराच्या वाटेस लागले. मुंगी झाडाच्या बुंध्यावरून कणाकणाने चढत फळाशी पोहोचते, तर पक्षी एका झेपेत त्याच फळावर जाऊन बसतो, ही आपल्या वेदान्तातील जुनी उपमा. त्यांनी नामध्यानाला पिपीलिका मार्ग आणि श्रवण-मननाला विहंगम मार्ग मानून दुसऱ्याचा उपदेश केला. हा गुरुद्रोह नव्हे, असे मी निःशंकपणे म्हणतो, कारण ज्या ध्यानाला ते ओलांडून गेले, त्याच ध्यानाने त्यांना त्या उंबरठ्याशी आणून उभे केले होते.

१९३३ साली मारुती शिवरामपंत कांबळी हे विडीचे दुकानदार त्यांना भेटले. अवघ्या तीन वर्षांत, १९३६ साली, सिद्धरामेश्वरांनी देह ठेवला. परंतु 'मी आहे' या केवळ जाणिवेला धरून राहण्याची त्यांची आज्ञा या शिष्याने शिरोधार्य मानली आणि तो निसर्गदत्त महाराज झाला. मुंबईच्या खेतवाडीत, घरातल्याच एका बुटक्या माळ्यावर, परदेशांतून आलेले जिज्ञासू दाटीवाटीने बसत, आणि महाराज चढ्या, ठणठणीत मराठीत एकेकाची शंका खोडून काढीत. ज्ञानाचा इतका निर्भीड उपदेश करणारा हा पुरुष रोज आपल्या हाताने गुरुपरंपरेच्या तसबिरी पुसून त्यांना कुंकू लावी, आणि गुरूंनी घालून दिलेले भजन ठरल्या वेळी होई.

१९७३ साली मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या साधकाने त्यांच्या संवादांचे इंग्रजी पुस्तक सिद्ध केले, आणि त्यांची कीर्ती सातासमुद्रापार गेली. मात्र त्याआधीच सिद्धरामेश्वरांची मराठी प्रवचने या शिष्याने टिपून ठेवली होती व ती ग्रंथरूपाने प्रसिद्धही झाली होती. विहंगम मार्ग मराठीतच समजून घेऊ इच्छिणाऱ्याने आरंभ तेथूनच करावा.