मटकीची झोपमोड

घरी उसळीसाठी मटकी भिजत घालायची असेल, तर या वेळी ते काम तुम्ही मागून घ्या. कारण डब्यातला तो तपकिरी, टणक दाणा जिवंत असतो! तो इतका मंद श्वास घेतो, की आपल्याला पत्ताच लागत नाही. तो वाट बघत असतो पाण्याची.

एक दाणा हातात घ्या. त्याच्या कडेला बारीक पांढरट खूण दिसेल. शेंगेत असताना दाणा तिथेच चिकटलेला होता. मोड बाहेर येईल तोही या खुणेजवळूनच.

वाटीभर मटकी रात्री भरपूर पाण्यात भिजवा. सकाळी ती टम्म फुगलेली असेल. आता पाणी ओतून टाकायचं आणि मटकी ओल्या फडक्यात बांधून ठेवायची. पाण्यातच का नाही ठेवायची? कारण जाग्या झालेल्या दाण्याला भराभर श्वास घ्यायचा असतो. पाण्यात बुडून राहिला तर हवा पुरत नाही, मग तो कुजतो. फडक्यात ओलही मिळते आणि हवाही. काही तासांनी पुरचुंडीत बोट घालून बघा. आत चक्क ऊब लागेल! मटकीच्या श्वासाची ऊब आहे ती.

श्वास घेऊन दाणा करतो काय? आपलं साठवलेलं अन्न वापरतो. मटकीच्या डाळीच्या दोन फोडी म्हणजे आत झोपलेल्या इवल्या रोपाचा जेवणाचा डबा. त्यात पिष्टमय पदार्थ आणि प्रथिनं ठासून भरलेली. पण रोपाला ती तशीच खाता येत नाहीत. म्हणून दाण्यातली विकरं कामाला लागतात आणि मोठमोठ्या रेणूंचे तुकडे करतात. पिष्टातून साखर सुटते, म्हणून मोड आलेली मटकी किंचित गोड लागते. ज्या साखरांमुळे आपल्या पोटात वायू धरतो, त्याही रोप सुरुवातीलाच वापरायला घेतं. आपल्या पोटाचं निम्मं काम मटकीनेच करून ठेवलेलं!

त्याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. कोरड्या कडधान्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच. मोड येताना मात्र दाणा ते स्वतः तयार करतो. लंडनमध्ये हॅरिएट चिक आणि मॅरियन डेल्फ या दोन महिला शास्त्रज्ञांनी 1919 मध्ये यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. आपल्यासारखंच गिनीपिगलाही क जीवनसत्त्व शरीरात बनवता येत नाही. ते मिळालं नाही की स्कर्व्ही होतो, हिरड्यांतून रक्त येतं. कोरडं कडधान्य खाणारे गिनीपिग या आजारातून वाचत नव्हते, मोड आलेलं खाणारे वाचत होते. एक पाणी आणि एक फडकं, एवढ्यावर हे औषध तयार होतं. मला तर ही स्वयंपाकघरातली सगळ्यात स्वस्त जादू वाटते.

आता उसळ. मोठ्या माणसाला सोबत घ्या. तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, मग कांदा आणि मटकी. थोडंसं पाणी घालून झाकण ठेवा आणि त्या झाकणावरही पाणी ओता. झाकण त्यामुळे फार तापत नाही. आतली वाफ त्याला लागून पुन्हा पाणी होते आणि टपटप मटकीवरच पडते. म्हणून करपत नाही आणि पाणीही कमी लागतं. क जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होतं, पाण्यात उतरतं, तेव्हा दाणा मऊ झाला की थांबायचं. पण कच्चे मोड खाऊ नका. ओलसर उबेत जंतूही वाढतात, शिजवल्यावर ते मरतात. आमसूल आणि गूळ शेवटी घाला. आंबट आधी पडलं, तर दाणा लवकर शिजत नाही. मग ताटात वरून लिंबू पिळा. शिजताना गेलेलं थोडं क जीवनसत्त्व परत मिळतं आणि मटकीतलं लोहही अंगी लागतं.

मटकी निवडताना न भिजलेले टणक दाणे सापडले असतील. त्यांना गणंग म्हणतात. आजी ते बाजूला काढते, दाताखाली येतात म्हणून. पण रानात हेच दाणे हुशार ठरतात. अवकाळी सर आली आणि सगळेच दाणे एकदम उगवले, तर पुढच्या उन्हात सगळेच वाळतील. गणंगाचं साल पाणी आत घेतच नाही, तो मागे थांबतो. असे चार गणंग जपून ठेवा. दोन तसेच भिजवा. उरलेल्या दोघांचं साल पॉलिश पेपरवर जरासं घासून मगच भिजवा. कोणाला आधी मोड येतो, ते बघा.