व्यसनमुक्ती उपचारांचे फलित आणि आरोग्यसेवांचा वापर : मापनाचे काही प्रश्न (अँटॉप हिल परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :
व्यसन हा चारित्र्याचा दोष नसून दीर्घकालीन आजार आहे, ही भूमिका वैद्यकशास्त्राने स्वीकारली आहे. महाराष्ट्रात ती रुजविण्यात पुण्याच्या 'मुक्तांगण' या १९८६ साली स्थापन झालेल्या केंद्राचा मोठा वाटा आहे. मात्र उपचारांपर्यंत पोहोचणारे रुग्ण अद्याप थोडेच आहेत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ व्यक्तींपैकी केवळ एकीला काही उपचार मिळाले होते. म्हणूनच जे उपचार घेतात त्यांचे पुढे काय होते, याचा अभ्यास महत्त्वाचा ठरतो.

फलिताचे निकष :
'दारू सुटली का?' हा एकच निकष पुरेसा नाही. गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत हानिकारक मद्यपान करणाऱ्या ३७७ पुरुषांवर झालेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. वैद्यकीय पदवी नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी त्यात समुपदेशन केले. तीन महिन्यांनंतर मागील १४ दिवसांत मद्य न घेतलेल्यांचे प्रमाण समुपदेशन गटात ४२ टक्के, तर दुसऱ्या गटात १८ टक्के आढळले. तथापि कामावर जाता न आलेले दिवस आणि जोडीदारावरील हिंसा यांत फरक दिसला नाही. मद्यपान थांबणे आणि जीवन सावरणे या दोन गोष्टी स्वतंत्रपणे मोजाव्या लागतात, हे यातून स्पष्ट होते.

आरोग्यसेवांचा वापर :
अँटॉप हिल येथील रुग्णास शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय, परळचे के. ई. एम. आणि शिवडीचे क्षयरोग रुग्णालय ही महापालिकेची तिन्ही रुग्णालये जवळची आहेत. अतिमद्यपानामुळे क्षयरोगाचा धोका सुमारे तिपटीने वाढतो. त्यामुळे एकच व्यक्ती अपघातासाठी एका, यकृतविकारासाठी दुसऱ्या आणि क्षयरोगासाठी तिसऱ्या रुग्णालयात जाऊ शकते. खासगी दवाखाने वेगळेच. अशा वेळी एकाच संस्थेच्या केसपेपरवर विसंबणारा अभ्यास अपुरा ठरतो.

शिवाय भेटींची संख्या वाढली म्हणजे उपचार फसले, असे समजणे चुकीचे आहे. शुद्धीवर आलेला रुग्ण वर्षानुवर्षे दुर्लक्षिलेल्या आजारासाठी प्रथमच बाह्यरुग्ण विभागात जातो. म्हणून नियोजित भेटी आणि तातडीच्या भेटी वेगळ्या नोंदविणे आवश्यक आहे. पहिल्या वाढून दुसऱ्या घटल्या, तर ते सुधारणेचे लक्षण मानता येईल.

संपर्क तुटलेले रुग्ण :
समजा, १०० रुग्णांपैकी वर्षानंतर ४० भेटले व त्यांतील ३० व्यसनमुक्त आढळले. भेटलेल्यांवर यश मोजल्यास ते ७५ टक्के, सर्वांवर मोजल्यास ३० टक्के होते. उरलेले ६० जण गाव गाठलेले, घर बदललेले किंवा मृतही असू शकतात. त्यांची संख्या अहवालात स्पष्ट नमूद व्हावी.

समारोप :
मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने व्यसनाशी निगडित विकारांचा मानसिक आजारात समावेश केला असून रुग्णास गोपनीयतेचा हक्क दिला आहे. ही मर्यादा पाळून समाजकार्य, मानसशास्त्र व अर्थशास्त्र विभागांनी एकत्रित अभ्यास हाती घेतल्यास महाविद्यालयीन संशोधन रुग्णांच्या खऱ्या उपयोगाचे ठरेल. अन्यथा आकडे आश्वासक दिसतील. परंतु ज्यांना मदतीची सर्वाधिक गरज आहे, तेच त्यांतून गळालेले असतील.