बर्गरचं मीठ शेवटी, आणि ज्याचं त्याला

शाळेतून आलेलं पोर आता वडापावाच्या जोडीला बर्गरही मागतं. पाच जणांच्या घराला बाहेरचा बर्गर परवडत नाही, म्हणून खिमा आणायचा, पाव आणायचे आणि घरीच करायचा, असं बऱ्याच घरांत सुरू झालं आहे. चांगलंच आहे. घरी केला की मांस कधीचं, तेल कोणतं, हात कोणाचे, हे आपल्याला ठाऊक असतं. पण घरच्या बर्गरमध्ये एक चूक हमखास होते. ती चवीची आहे आणि तब्येतीचीही. चूक आहे मीठ घालण्याच्या वेळेची.

आमच्या गल्लीतल्या एका वहिनींनी मागच्या महिन्यात बर्गर केले होते. खिमा ताजा होता. त्यात कांदा, आलं-लसूण, कोथिंबीर, पाकिटातला मसाला आणि मीठ घालून, सगळं परातीत कणकेसारखं मळून त्यांनी तासभर ठेवलं. पॅटी तव्यावरून उतरली ती रबरासारखी, वर खारट. त्यांच्या सासूबाई बीपीची गोळी घेतात. त्यांनीही तेच खाल्लं, कारण परात एकच होती. एका बर्गरने बीपी बिघडतं असं मी म्हणणार नाही. पण आपल्या घरांत आमटी एक, भाजी एक, रस्सा एक, आणि त्यातलं मीठ घरातल्या सगळ्यात खारट जिभेच्या हिशेबाने पडतं. डॉक्टर सांगतात मीठ कमी करा. करणार कसं? एकदा रश्शात पडलेलं मीठ एका वाटीपुरतं बाहेर काढता येत नाही.

बर्गरची गोष्ट इथेच वेगळी आहे. त्याचं मीठ आत मळायचं नसतं, वरून लावायचं असतं, तेही तव्यावर टाकताना. म्हणजे प्रत्येकाच्या पॅटीला वेगळं मीठ देता येतं.

आत का मळायचं नाही, ते समजून घेऊ. मांसात मायोसिन नावाचं एक प्रथिन असतं. मीठ लागलं की ते विरघळतं आणि चिकट होतं. वरून मळत राहिलं की मांसाचे कण एकमेकांना घट्ट धरून बसतात. सीख कबाब सळईवरून गळत नाही तो बराचसा या चिकटपणामुळेच, आणि सॉसेज करणाऱ्यांनाही नेमकं हेच हवं असतं. बर्गरला मात्र उलट हवं. त्याचा दाणा सुटा राहिला पाहिजे, चावताना भुगा व्हावा, रस सुटावा. वहिनींनी केलं ते वाईट नव्हतं, ते कटलेट होतं. कटलेट म्हणून थोडं कमी मिठाचं केलं असतं तर मीच दोन खाल्ली असती.

हॅम्बर्गर हे नाव जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरावरून आलं, पण पावात घालून विकायचा धंदा फोफावला अमेरिकेत. १९२१ साली कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावी ‘व्हाइट कॅसल’ नावाची बर्गरची दुकानं सुरू झाली, तिथून त्याच्या साखळ्या वाढल्या. तिकडचे जाणते स्वयंपाकी घरी बर्गर करताना खिमा हलक्या हाताने नुसता गोळा करतात, दाबून चपटा करतात आणि वरून मीठ व मिरेपूड. बास. त्यांचा खिमा गाईबैलाचा आणि शंभरात वीस भाग चरबीचा असतो, म्हणून तो कोरडा पडत नाही. महाराष्ट्रात गोहत्येवर आधीपासून बंदी होतीच, २०१५ पासून बैल आणि वळूंचाही तिच्यात समावेश झाला. म्हशीच्या मांसावर ही बंदी नाही. तेव्हा आपल्याकडे बर्गर होतो तो बोकडाचा, कोंबडीचा किंवा म्हशीचा. बोकडाचं मांस तसं कोरडं. मटणवाल्याला खिमा करताना थोडी चरबी त्यातच घालायला सांगा, नाहीतर पॅटी भाकरीच्या पापुद्र्यासारखी सुकते.

आता पद्धत. शंभर ग्रॅम खिम्याची एक पॅटी धरा. गोळा करून अर्ध्या इंचाची चपटी थापा, मधोमध अंगठ्याने जरासा खळगा करा, म्हणजे ती फुगून लाडवासारखी होणार नाही. बिडाचा किंवा लोखंडी तवा चांगला तापू द्या. तव्यावर टाकायच्या क्षणी वरच्या बाजूला तीन बोटांची एक चिमूट मीठ भुरभुरवा, ती बाजू खाली जाईल अशी पॅटी टाका, मग दुसऱ्या बाजूला तेवढंच. अर्धा तास आधी मीठ लावून ठेवलंत तर पॅटीला पाणी सुटतं, तवा भाजायच्या ऐवजी वाफ काढत बसतो आणि तो खमंग तपकिरी थर येतच नाही. चवीचा अर्धा भाग त्या थरात असतो. तो नीट आला की मीठ कमी असलं तरी जीभ तक्रार करत नाही. शिवाय वरचं मीठ जिभेला आधी लागतं, त्यामुळे थोडंही पुरतं.

हिशेब करून बघू. तीन बोटांची चिमूट म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम मीठ. दोन्ही बाजू मिळून एक ग्रॅम. बर्गरच्या एका पावात आधीच सुमारे अर्धा ग्रॅम असतं, ते आपण मोजतच नाही. चीजच्या एका चकतीत अर्ध्या ग्रॅमच्या वर, मोठा चमचाभर टोमॅटो सॉसमध्ये अर्ध्या ग्रॅमला थोडं कमी. झाले अडीच ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत मीठ ठेवायला सांगते, म्हणजे एक सपाट छोटा चमचा. एका बर्गरमध्ये त्यातलं निम्मं संपलं. लहान मुलांची मर्यादा तर त्याहून कमी. बीपीच्या माणसासाठी एकाच बाजूला चिमूट घाला, चीज आणि सॉस वगळा, तर तोच बर्गर एका ग्रॅमवर येतो. चव जाते का? लिंबू पिळलेला कांदा, ताजी मिरेपूड आणि तव्यावर भाजलेली हिरवी मिरची घालून बघा. आंबट चव असली की कमी मीठही जास्त वाटतं.

मसाल्याचं काय? खिम्यात घातलेली मिरची पूड आणि लसूण तापलेल्या तव्यावर करपून कडू होतात. आपल्या मसाल्याची चव हवीच असेल तर ती पावाला लावायच्या चटणीत घाला, किंवा परतलेल्या कांद्यात. मात्र पाकिटाचा मसाला, चाट मसाला, आलं-लसणाची विकतची पेस्ट यांच्यावरचा मजकूर वाचा, त्यात मीठ असतंच. घरी कुटलेल्या कांदा-लसूण मसाल्यातही टिकावा म्हणून खडेमीठ घातलेलं असतं. सोया सॉसचा एक मोठा चमचा म्हणजे दोन ग्रॅमपेक्षा जास्त मीठ. हे घातलं की वरचं मीठ त्या मानाने कमी करायचं. अजिनोमोटोला आपण उगाच फार घाबरतो. मिठात शंभरात ३९ भाग सोडियम असतं, अजिनोमोटोत १२. पण तोही ‘चवीपुरता’ म्हणत मिठावर आणखी घातला तर फायदा काहीच नाही.

दोन मिठांबद्दल लोक नेहमी विचारतात. सैंधव किंवा काळं मीठ बीपीला चालतं, असं बायका एकमेकींना सांगतात. ते जवळजवळ सगळं साधं मीठच आहे, आणि त्यात बहुधा आयोडीन घातलेलं नसतं. दुसरं, कमी सोडियमचं म्हणून मिळणारं मीठ. त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेलं असतं. निरोगी मोठ्या माणसाला ते उपयोगी आहे. पण ज्याची किडनी कमजोर आहे, किंवा जो बीपीसाठी टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन अशी गोळी घेतो, त्याच्या रक्तात पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. डॉक्टरांना गोळीचं पाकीट दाखवल्याशिवाय ते मीठ घरात आणू नका. लहान मुलं आणि गरोदर बायांसाठीही ते नको.

चिकनच्या खिम्याला वरचा नियम तंतोतंत लागत नाही. तो ओला आणि मऊ असतो, नुसता थापला तर तव्यावर सुटतो. त्यात चिमूटभर मीठ घालून मिनिटभरच कालवलं की तो चिकटपणा आपल्या कामी येतो आणि अंडं किंवा पावाचा चुरा लागत नाही. कमी मिठाच्या माणसाचा गोळा मात्र मीठ घालण्याआधी बाजूला काढा.

आता एक गोष्ट जरा थांबून सांगते, कारण ती जिवावरची आहे. मीठ बरोबर झालंय का ते पाहायला पुष्कळ जणी कच्चा खिमा जिभेला लावतात. ते अजिबात करू नका. मांसाच्या अखंड तुकड्यावर जंतू असले तर बाहेर असतात, भाजताना मरतात. खिमा केला की बाहेरचे जंतू आतपर्यंत मिसळतात. १९९३ साली अमेरिकेत ‘जॅक इन द बॉक्स’ या साखळीच्या अर्धकच्च्या बर्गरमधून ई. कोलाय नावाचा जंतू पसरला. सातशेहून जास्त लोक आजारी पडले आणि चार मुलं दगावली. हा जंतू लहान मुलांची किडनी निकामी करतो. चव बघायचीच असेल तर वाटाण्याएवढा गोळा तव्यावर पूर्ण भाजून खा. मिनिटभराचं काम आहे.

खिम्यात हळद-मिरची मळण्याचा आणखी एक तोटा इथे कळतो. पॅटीचा रंग आधीच लाल-पिवळा असतो, आत कच्चं राहिलं तरी दिसत नाही. रंगावर तसाही पूर्ण भरवसा नसतो. खरी खात्री तापमानाची. तिकडे मटणाच्या खिम्याला मध्यभागी ७१ अंश सेल्सिअस आणि कोंबडीच्या खिम्याला ७४ अंश सांगतात. आपल्याकडे थर्मामीटर नसतो, म्हणून पॅटी पातळच ठेवा, मध्यम आचेवर प्रत्येक बाजू चार-पाच मिनिटं भाजा आणि शेवटी दोन मिनिटं झाकण ठेवा. एक पॅटी मधोमध कापून पाहा. रस लालसर असेल तर सगळ्या परत तव्यावर. खिमा आणल्यापासून दोन तासांच्या आत भाजला गेला पाहिजे. मे महिन्यात पत्र्याच्या घरात तासाभरात. कच्च्या खिम्याचे हात साबणाने धुतल्याशिवाय कांदा-काकडी चिरू नका, आणि कच्च्या पॅटीच्या ताटलीत भाजलेली पॅटी ठेवू नका.

राहिला प्रश्न तव्यावर कोणाची पॅटी कोणती ते ओळखायचा. मिठाचा फरक डोळ्यांना दिसत नाही. मी कमी मिठाची पॅटी चौकोनी थापते आणि आधी तीच भाजून घेते. आमच्याकडे तिला ‘आजीचा बर्गर’ म्हणतात. लिंबू-कांदा जास्त असल्यामुळे नातवाने तो आतापर्यंत दोनदा पळवला आहे.