माळवदावरचे ओझे

थंड देशांत छपरावर बर्फ साचला, की लोक जमिनीवर उभे राहून लांब दांड्याच्या फावड्याने तो खाली ओढतात. डांबरी आच्छादन खरवडले जाऊ नये म्हणून तळचा पातळ थर तसाच ठेवतात. हेतू एकच : छपरावरील भार कमी करणे. बिदर-कलबुर्गीकडे बर्फ पडत नाही. परंतु आपल्या जुन्या माळवदांनाही हाच नियम लागू आहे.

माळवद म्हणजे तुळया, त्यांवर लाकडी फळ्या आणि वर चोपलेली पांढरी माती होय. ही माती उन्हाळ्यात घर थंड ठेवते. मात्र गळती लागली, की जुनी न काढताच नवी माती टाकली जाते आणि थरावर थर चढतो. दहा फूट रुंद व बारा फूट लांब खोलीवर फूटभर माती असली, तरी तिचे वजन सुमारे पाच टन भरते. भिजल्यावर ते आणखी वाढते.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या आणि अशी जड माळवदे झोपलेल्यांवर कोसळली. हजारो माणसे दगावली.

म्हणून मृगापूर्वी जुनी माती खोऱ्याने खरवडून पाट्यांनी खाली उतरवावी आणि मगच नवी घालावी. एकाच जागी ढीग करू नये. सारा भार एका तुळईवर येतो. तुळयांना वाळवी लागली आहे का, हे पाहावे आणि पन्हळी मोकळ्या ठेवाव्यात. माळवद राखणे म्हणजे माती घालणे नव्हे, तर आधी ती उतरवणे होय.