साडेनऊची शिकार

रात्री साडेनऊला आमच्या घरात खराट्याचा एक हीर बाहेर निघतो. त्याच्या टोकाला दीड हात सुतळी आणि सुतळीला आईच्या जुन्या साडीच्या काठाची चिंधी. हीर ठेवलेल्या कपाटाची कडी वाजली की गाढ झोपलेले चार कान एकदम ताठ होतात. पिल्लं दमवणं हे भांडी घासण्यासारखं रोजचं काम असतं, हे मला माहीत नव्हतं.

ठकी आणि बंड्या ही बहीण-भावंडं. जुलैच्या पावसात सोसायटीच्या पार्किंगमध्ये, एका झाकलेल्या स्कूटरखाली सापडली. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, म्हणून दीड दिवस त्यांच्या आईची वाट पाहिली. ती बहुधा आठव्या घरी गेली असावी. डॉक्टरांच्या काट्यावर बंड्या ६४० ग्रॅम भरला, ठकी ५९०. म्हणजे साधारण दीड महिन्याची, कारण या वयात पिल्लाचं वजन आठवड्याला शंभरेक ग्रॅमने वाढतं. "मांजर घरात नको," असं आईने मला बजावलं आणि संध्याकाळी नावंही तिनेच ठेवली.

तीन महिन्यांची होईपर्यंत सगळं गोड होतं. मग पडदे आले. म्हणजे पडदे होतेच, पण ते चढण्यासाठी असतात हे तेव्हा कळलं. तुळशीच्या कुंडीत गोटे भरावे लागले, कारण ठकीला ती मऊ माती वेगळ्याच कामासाठी पसंत पडली होती. कबुतरं आत येऊ नयेत म्हणून गॅलरीला लावलेली जाळी आता पिल्लं बाहेर जाऊ नयेत म्हणून रोज तपासतो. एक कोपरा बंड्याने कुरतडलाच आहे. जाळीपलीकडे कबुतर बसलं की तो खालचा जबडा थरथरवत दातांची कटकट करतो, थंडीत दात वाजावेत तशी.

आणि पहाटे साडेचार. पांघरुणाखाली अंगठा हलला रे हलला की चावा. यात खोडसाळपणा कमी आणि घड्याळ जास्त. मांजराचं अंग तांबडं फुटताना आणि दिवेलागणीला जागं होतं. दिवसभर ती कपड्यांच्या ढिगावर चौदा-पंधरा तास ताणून देतात, आणि आपण "किती शहाणी" म्हणतो.

चूक आमचीही होती. लहानपणी बोटं नाचवून खेळवलं. मुंगी चावल्यासारखं वाटायचं, हसू यायचं. चार महिन्यांनंतर त्याच खेळात रक्त निघायला लागलं. एकमेकांशी मात्र त्यांचा हिशेब पक्का: ठकी जोरात चावली की बंड्या 'ची' करतो आणि ती तिथल्या तिथे सोडते. हे शिक्षण भावंडाकडूनच मिळतं. एकट्या पिल्लाला ते कोण देणार? दोन पिल्लांचा त्रास दुप्पट नसतो, हे माझं मत मी कुणालाही न विचारता सांगत असते.

तर तो हीर. सुरुवातीला मी चिंधी त्यांच्या नाकासमोर नाचवायचे, आणि दोघं माझ्याकडे कीव आल्यासारखी बघायची. कुठला उंदीर मांजराच्या तोंडाकडे चालत येतो? चिंधी लांब पळाली पाहिजे, सोफ्याच्या पायाआड अर्धी दिसली पाहिजे, आणि मुख्य म्हणजे थांबली पाहिजे. ती थांबली की ठकी जमिनीला चिकटते. डोळ्यांतल्या बाहुल्या पसरून डोळा सगळा काळा होतो, मिशा पुढे येतात, मागचे पाय जागच्या जागी तुडवायला लागतात आणि ढुंगण डावी-उजवीकडे हलतं. या घटकेला मीही श्वास रोखते. मग झेप. तीत नेम चुकला तर ती लगेच पंजा चाटायला लागते, जणू त्यासाठीच उठली होती.

वीस मिनिटांत दोघं धापा टाकत कुशीवर पडतात. शेवटची झडप मात्र जिंकूच द्यायची, आणि लगेच जेवण वाढायचं. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप, या क्रमात मधलं काही गाळलं तर पुढचं येत नाही. लेझरचा लाल ठिपका आम्ही चार दिवसांत बंद केला. त्यात पंजात काही येत नाही, आणि बंड्या नंतर तासभर भिंत हुंगत बसायचा.

खेळ संपला की हीर कपाटात जातो, कडी लागते. त्यामागे एक रात्र आहे. शिवणाच्या डब्यातल्या रिळाचा बराच दोरा गायब दिसला आणि बंड्या जिभल्या चाटत होता. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले, त्यामुळे आत गेलेला दोरा थुंकता येत नाही. डॉक्टर फोनवर म्हणाले, दोऱ्याचं टोक कुठूनही दिसलं तरी ओढू नका. नाडी ओढली की परकराच्या नेफ्याला चुण्या पडतात, तसं आतड्याचं होतं. अकरा वाजता रिक्षा करून दवाखाना गाठला, पोट तपासून घेतलं, रात्रभर जागलो. सकाळी दोरा फ्रीजखाली सापडला, अख्खा. बंड्याने रात्री काय चाटलं होतं ते साईच्या पातेल्यावरून कळलं.

परवा झाडताना आईला गोधडीपाशी तांदळाची कणी सापडली. फेकणार तेवढ्यात तिने चष्मा लावून पाहिलं. बारीक, टोकदार, जराशी वाकलेली. ठकीचा दुधाचा सुळा. असे सव्वीस असतात, सहाव्या महिन्यापर्यंत सगळे पडतात आणि बहुतेक गिळलेच जातात.

"पोरांचा पडला की कौलांवर टाकतात," आई म्हणाली. मग वर स्लॅबकडे बघत थांबली, आणि दात कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवून दिला. डबी फळीच्या कडेला ठेवली होती. ठकी फळीवर चढलेलीच होती, आणि पंजाने डबी हळूहळू पुढे सरकवत आमच्याकडे बघत होती.