हाडांची शिल्लक

गेल्या पावसाळ्यात आई मोरीत घसरली आणि खुब्याचे हाड मोडले. जन्मभर दूध मुलांना, तिच्या वाट्याला कोरा चहा!

भगिनींनो, आहारात कॅल्शियम कमी पडले की शरीर ते हाडांतून उचलते. जमा नाही, नुसता खर्च! प्रौढ माणसाला रोज सुमारे १००० मिलिग्रॅम लागते. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असते, तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. नाचणीची भाकरी, सुकट, तीळ, शेवग्याचा पाला खा. अंगावर ऊन घ्या.

गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात कॅल्शियमच्या गोळ्या मोफत मिळतात. त्या जेवणासोबत घ्याव्यात, लोहाच्या गोळीबरोबर नको.

बांधवांनो, घरच्या बाईचे ताट शेवटी वाढू नका!