फवारणीच्या गमबुटांची निगा

सोयाबीन, तूर व कापूस ही वाशीम जिल्ह्यातील प्रमुख खरीप पिके होत. त्यांवर किडींचा प्रादुर्भाव होताच फवारणीची लगबग सुरू होते. सन २०१७ च्या खरीप हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना अनेक शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि काहींना प्राणास मुकावे लागले. विष केवळ नाकातोंडावाटेच शरीरात जाते असे नव्हे. ते त्वचेतूनही शोषले जाते. म्हणूनच कीटकनाशके नियम, १९७१ अन्वये संरक्षक पोशाखात बुटांचाही समावेश करण्यात आला आहे.

फवारणी अनवाणी अथवा कातडी पायताण घालून करू नये. कातडे विषारी द्रावण शोषून घेते व ते पुरते धुऊन निघत नाही. याकरिता अस्तर नसलेले गमबूट वापरावेत. विजारीचे पाय बुटांवरून बाहेर सोडावेत. आत खोचल्यास ओघळणारे द्रावण थेट बुटात उतरते.

परंतु गमबूट विकत घेतले म्हणजे काम संपले असे नाही. काळ्या जमिनीचा चिखल बुटांना घट्ट चिकटतो व त्याबरोबर औषधाचा अंशही राहतो. काम आटोपताच हातमोजे न काढता प्रथम ते व नंतर बूट साबणाच्या पाण्याने धुवावेत. बूट आतूनही स्वच्छ करावेत. हे पाणी विहीर, नाला वा जनावरांच्या हौदाजवळ सांडू नये. बूट उलटे करून सावलीत वाळवावेत. कडक उन्हाने वा चुलीच्या धगीने रबर कडक होऊन त्यास भेगा पडतात. रॉकेल व डिझेलने ते फुगते. बूट धान्यापासून व मुलांपासून दूर ठेवावेत आणि विंचू-सापाच्या भीतीस्तव घालण्यापूर्वी झटकून पाहावेत.

हंगामापूर्वी बुटात पाणी भरून गळती तपासावी. गळका बूट अनवाणी पायाहूनही घातक ठरतो. कारण आत शिरलेले विष दिवसभर त्वचेला भिडून राहते. असा बूट फवारणीस वापरू नये. तो कापून निकामी करावा, म्हणजे दुसरा कोणी घालणार नाही.

शेतमालकाने मजुरासही धड गमबूट द्यावेत. विषाला मालक-मजूर हा भेद ठाऊक नसतो. फवारताना मळमळ, चक्कर वा अंधारी जाणवल्यास काम तत्काळ थांबवावे, अंगावरील कपडे उतरवून अंग धुवावे आणि औषधाच्या डब्यावरील माहितीपत्रकासह नजीकचे रुग्णालय गाठावे.